दोन फेऱ्यांमधली रापण

सकाळचे सात वाजून गेले होते आणि तुळसा अजून एकदाही खाली बसली नव्हती. देवबागच्या किनाऱ्यावर पाणी उतरत होते, आणि ते जिथून उतरले त्या ओल्या वाळूवरून ती अनवाणी चालत होती. दहा-पंधरा पावले गेली की थांबायची, टाच वाळूत दाबायची, खड्डा किती पडला ते वाकून बघायची आणि पुढे जायची. जिथे टाच रुतत नाही तिथे चाकही रुतत नाही, हे तिने कुणाकडून शिकलेले नव्हते. ती याच किनाऱ्यावर वाढली होती.

"गो, चार वेळा बघून झाला तुझा," तिचा नवरा गुरुदास म्हणाला. तो गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसून हवा मोजत होता. "वाळू तीच आसा."

"तीच खंय? पाणी उतरताहा अजून. मघाशी हय मऊ होती."

"मगे आता बस. पाणी तुका इचारून उतराचा नाय."

ती बसली नाही. गाडीला एक फेरी घालून पुन्हा पाण्याच्या कडेला गेली.

गाडी लांब, राखाडी आणि जमिनीलगत होती. कुठल्याशा संस्थानिकाच्या मोटारखान्यातून ती नऊ वर्षांपूर्वी मोडीच्या भावात आली होती, आणि गुरुदासने लालबागच्या आपल्या गॅरेजात तिचा एकेक भाग उघडून पुन्हा बसवला होता. देवबागच्या लोकांनी दोन दिवसांपूर्वी ती पाहिली आणि लगेच तिला नाव दिले, मुशी. मुशी हा लहान शार्क मासा. रंग तसाच, नाक तसेच.

त्या दिवशी या मुशीने ताशी दोनशे किलोमीटरचा वेग गाठायचा होता. म्हणजे नेमके काय करायचे, ते आधी सांगितलेले बरे. किनाऱ्यावर एक किलोमीटर मोजून त्याच्या दोन्ही टोकांना रबराची एकेक नळी आडवी टाकली होती. चाक पहिल्या नळीवरून गेले की पेटीतले घड्याळ सुरू व्हायचे, दुसऱ्या नळीवरून गेले की थांबायचे. ताशी दोनशे म्हणजे हे अंतर अठरा सेकंदांत. पण वारा पाठीशी असेल तर कुणीही भरधाव जाईल; म्हणून एक फेरी जायची आणि एक यायची, आणि दोन्हींची सरासरी धरायची. दोन्ही फेऱ्यांचे सेकंद मिळून छत्तीस किंवा त्याहून कमी भरले पाहिजेत. शिवाय दुसरी फेरी पहिलीनंतर एका तासाच्या आत झाली पाहिजे. तास उलटला की पहिली फेरी बाद.

तेरा वर्षे तुळसा या छत्तीस सेकंदांच्या मागे होती असे म्हटले तर ते पूर्ण खरे नाही. सुरुवातीला तिच्या मागण्या लहान होत्या. तिचे वडील परशुराम मालवण ते कसाल सर्व्हिस मोटार चालवायचे. पहाटे हँडल मारून मोटार चालू करायचे काम चौदाव्या वर्षापासून तुळसाकडे होते, आणि सोळाव्या वर्षी ती रिकामी मोटार ओढ्यावर धुवायला नेऊ लागली. लग्न होऊन मुंबईला गेली तेव्हा नवरा मेकॅनिक मिळाला हे तिच्या आईला कमीपणाचे वाटले होते; तुळसाला तसे काही वाटले नाही. एकोणीसशे एक्कावन्न साली ती पहिल्या शर्यतीला उतरली. मोटार क्लबच्या अर्जात एक ओळ होती, 'चालकाच्या पत्नीची संमती'. तिने 'पत्नीची' खोडून 'पतीची' लिहिले आणि गुरुदासने ग्रीसच्या बोटांनी सही केली. त्या दिवशी ती शेवटून पहिली आली. पुढल्या वर्षी मधे कुठेतरी, त्रेपन्न साली दुसरी. छप्पन्न साली देशातल्या बायकांमध्ये सगळ्यात वेगवान ठरली, आणि वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तो गाडीचा कमी आणि तिच्या नऊवारीचा जास्त. गाडी चालवताना ती पँट घालायची, पण फोटोवाल्याने ऐकले नाही. अठ्ठावन्नला घाटचढणीच्या शर्यतीत गळ्याचे हाड मोडले. त्याच सुमारास क्लबने मैल सोडून किलोमीटर धरले आणि दोनशे हा आकडा तिच्या डोक्यात येऊन बसला. मद्रासकडच्या एका धावपट्टीवर एकोणसाठ साली तिने जाताना सतरा पूर्णांक नऊ सेकंद घेतले, आणि येताना टायरच्या चिंध्या झाल्या. एकसष्ट साली तेलाची नळी फुटली. त्यानंतर तिला चांगली धावपट्टीच मिळेना. तेव्हा तिला आपला किनारा आठवला.

आता एकोणीसशे चौसष्टचा फेब्रुवारी चालू होता. क्लबने नवा नियम केला होता, पंचेचाळीसच्या पुढे परवाना नाही. मार्चमध्ये तुळसाला पंचेचाळीस पुरी होणार होती. क्लबची माणसे आणि घड्याळाची पेटी कोल्हापूरमार्गे, घाट उतरून आली होती आणि उद्या सकाळी परत निघणार होती. पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते, म्हणजे सकाळी सव्वाआठला ओहोटी पुरी. जे काय व्हायचे ते आजच.

"तुळसाबाई," क्लबचे पंच म्हणाले. ते मुंबईचे, उंच, टोपी घातलेले गृहस्थ होते आणि घड्याळाच्या पेटीपासून दोन हातांपेक्षा लांब जात नसत. "आठ वाजता सुरू करू या का?"

"आता करू या," ती म्हणाली.

"अजून पाऊण तास आहे बाई आठला."

"म्हणूनच म्हणते."

आठ वाजून पाच मिनिटांनी तारकर्लीच्या बाजूने, म्हणजे उत्तरेकडून, पहिली फेरी निघाली. जमिनीवरचा वारा अगदी मंद, वाळू कडक, पाणी सपाट. माडांच्या खाली उभ्या असलेल्या लोकांना आधी नुसता आवाज ऐकू आला, मग राखाडी काहीतरी समोरून गेले आणि मागे ओल्या वाळूची भिंत उभी राहून खाली पडली. कोंबड्या माडांच्या आळ्यांत शिरल्या. तुळसा दक्षिणेच्या टोकाला, खाडीच्या मुखाजवळ जाऊन थांबली. तिथे गुरुदास उभा होता आणि त्याच्याजवळ तारेचा फोन होता. पंचांच्या पेटीपासून दोन्ही टोकांना तार ओढलेली होती.

"सतरा पूर्णांक सात," गुरुदास फोन खाली ठेवत म्हणाला.

"म्हणजे येताना अठरा पूर्णांक तीन चलात."

"चलात. आता पंधरा मिनिटां उतर. चाका बघतंय मी."

ती उतरली, पण पंधरा मिनिटांतली चौदा ती गाडीभोवती फिरत होती. तिचा धाकटा भाऊ सत्यवान तिथेच माडाला टेकून उभा होता. वडिलांच्या मागे त्याने मोटारीचा धंदा धरला नव्हता; तो आपल्या वाडीच्या रापणीचा प्रमुख होता.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी एका जागेवरून जाळे घेऊन समुद्रात जाते, अर्धवर्तुळ करून टाकत टाकत तीन-चारशे पावलांवर दुसऱ्या जागी किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंच्या काथ्याच्या जाड दोऱ्या चाळीस-पन्नास माणसे धरतात आणि सगळे जाळे हळूहळू किनाऱ्यावर ओढून घेतात. त्या वेळी त्या दोऱ्या पाण्यापासून माडांपर्यंत वाळूवर आडव्या ताणलेल्या असतात आणि ती जागा रापणीची असते. तिथून बैलगाडी जात नाही, माणूसही दोरी ओलांडत नाही, वाकून खालून जातो. त्या किनाऱ्यावर दोन वाड्यांच्या दोन रापणी होत्या. तुळसा मुंबईहून आली ती नारळ घेऊन सरळ सत्यवानाकडे गेली होती, रविवारी सकाळी रापण टाकू नका म्हणून. सत्यवानाने नारळ ठेवून घेतला होता आणि हो म्हटले होते.

आठ वाजून वीस मिनिटांनी उत्तरेकडच्या एका उंच माडावरून कुणीतरी पांढरे फडके हलवले.

सत्यवान एकदम सरळ उभा राहिला.

"ता काय?" तुळसाने विचारले.

"तारली," तो म्हणाला. "पाणी काळा दिसताहा थंय. माशांचो घोळको इलो असतलो."

"असू दे. तुमी टाकणार नाय मा?"

"आमी नाय टाकणार."

"मगे?"

सत्यवानाने तिच्याकडे बघितले नाही. "आज दाजीची पाळी."

दाजी हे दुसऱ्या वाडीच्या रापणीचे प्रमुख.

"पाळी दाजींची, आणि तू माका सांगलंस नाय?"

"तू इचारलंस खंय? नारळ घेऊन इलंस ती माझ्या दारात. म्हटला, घरचा माणूस इला, मान दिला, आता तेका काय सांगाचा पाळी कोणाची ती. माका वाटला तू तेंच्याकडे पण गेलंस."

"नाय गेलंय."

"मगे झाला," सत्यवान म्हणाला.

तोपर्यंत दाजींची होडी पाण्यात गेली होती. क्लबच्या जीपने तुळसा आणि गुरुदास तिकडे पोहोचले तेव्हा अर्धे जाळे टाकून झाले होते, आणि मोजलेल्या किलोमीटरच्या बरोबर मध्ये पहिली दोरी माडाच्या बुंध्याला अडकवलेली होती. आठ वाजून तीस. तासातली पस्तीस मिनिटे उरली होती.

दाजी सत्तरीचे, काळे, बारीक, डोक्याला लाल पंचा. ते पाण्याकडे बघत उभे होते. तुळसा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली तरी त्यांची नजर होडीवरच होती.

"दाजीनू."

"कोण गो? परश्याचा चेडू मा?"

"होय. माझी दुसरी फेरी रवली हा. नऊ-पाचच्या आत जावक व्हया. दोन मिनिटां दोरी सोडलात तर—"

"दोरी सोडू?" दाजींनी आता तिच्याकडे पाहिले. "जाळा पाण्यात, घोळको आत, आणि दोरी सोडू?"

"नायतर थोडी ढिली. वाळूत पुरूया. मी वरसून जातंय."

"आणि तारली थांबात तुझ्या घड्याळाक?"

दोरीला हात लावून उभी असलेली सुगंधा हसली. ती तुळसाच्या शाळेतली मैत्रीण, आता सात नातवंडांची आजी. "गो तुळसा, सत्यवानाक नारळ दिलंस ना? मगे सत्यवानाच्या अंगावरसून घाल गाडी."

दोन-चार जण हसले. तुळसाही हसली असती, पण तिचे बोट मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर आपटत होते.

"चुकला माझा," ती म्हणाली. "आधी तुमच्याकडे येवक व्हया होता. येवक नाय. आता काय करू ता सांगा."

दाजींनी मान हलवली. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर काही बोलणी तरी झाली असती. "हेच्यात काय करूचा? चाळीस घरां आसत ह्या दोरयेक. जाळा वर येतला तेवा वाट मोकळी. दुसरा काय नाय."

"किती वेळ?"

"दीड तास. माणसा कमी आसत आज. थोडी तुझी मोटार बघूक गेली हत."

तुळसा पंचांकडे धावत गेली. धावत हा शब्द बरोबर आहे. चव्वेचाळीस वर्षांची बाई गाडीचे जाड बूट घालून वाळूतून धावत गेली. पंचांनी तिचे सगळे ऐकून घेतले, टोपी काढून पुन्हा घातली.

"तासाचा नियम मी केलेला नाही बाई. एक मिनिट जरी जास्त झाले तरी मला लिहावे लागेल. पण एक सांगतो. पहिली फेरी बाद झाली तरी तुम्ही नव्या दोन करू शकता. दिवस तुमचाच आहे."

"दिवस माझा आहे, किनारा नाही," ती म्हणाली. "पाणी आता चढायला लागले आहे. दहानंतर इथे गाडी घालता येणार नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्ही पेटीपाशी बसा."

ती परत आली तेव्हा दुसरी दोरी किनाऱ्याला लागली होती आणि ओढणे सुरू झाले होते. तिने बूट काढून फेकले, पँट गुडघ्यापर्यंत वळवली आणि सुगंधाच्या मागे दोरी धरली. गुरुदास तिच्या मागे उभा राहिला. मग त्याने क्लबच्या दोन स्वयंसेवकांना हाक मारली. ते मुंबईचे कॉलेजातले तरुण होते, पांढऱ्या कपड्यांत. दोरी ओली आणि खवल्यांनी भरलेली होती. त्यांनी एकमेकांकडे बघितले आणि धरली. माडांखाली मोटार बघायला थांबलेले लोकही एकेक करून खाली आले.

रापण ओढण्याची एक चाल असते. सगळे एका पायावर मागे रेलतात, दोन पावले मागे जातात, थांबतात. शेवटचा माणूस वर पोहोचला की दोरी सोडतो आणि पुढे येऊन पाण्यातले टोक धरतो. घाई नाही, आळस नाही. तुळसा दुसऱ्याच दमात सगळ्यांच्या आधी रेलली. तिसऱ्याला तिने दोनऐवजी चार पावले टाकली. दोरी तिच्या हातांतून सरकली आणि पुढे सुगंधा तोंडावर आपटता आपटता वाचली.

"गो बाय," दाजी पाण्यातून ओरडले, "ही मोटार न्हय. एक बाजू पुढे गेली तर जाळा तिरपा होतला, मासो खालसून जातलो. सगळ्यांबरोबर वड."

"सगळ्यांबरोबरच वडतंय."

"नाय वडत. तू एकट्यान वडतंस."

गुरुदास मागून हळूच म्हणाला, "ऐक तेंचा." 

तिने ओठ आवळले. रेलायचे, दोन पावले, थांबायचे. हे थांबणे तिला सहन होत नव्हते. प्रत्येक थांबण्यात ती घड्याळाकडे बघायची. आठ पन्नास. आठ पंचावन्न. काथ्याने तळहाताची साल निघू लागली होती, पण ते तिला नंतर कळले. तिला फक्त एवढे कळत होते की शरीरातली एकेक गोष्ट पुढे जायला बघते आहे आणि पाय मात्र मागे मागे टाकायचे आहेत, दोन पावले, तेही इतरांनी टाकले की मगच. तेरा वर्षांत तिला कुणी इतके हळू चालायला लावले नव्हते.

नऊ वाजून पाच मिनिटांनी पंचांनी पेटीवरून मान वर केली आणि दोन्ही हात आडवे हलवले. सतरा पूर्णांक सात बाद झाले. तुळसाने ते पाहिले. त्याच वेळी रेलायची पाळी आली, आणि ती रेलली. त्यानंतर तिने घड्याळाकडे बघितले नाही. बघून उपयोग नव्हता. तिची पावले इतरांबरोबर पडू लागली ती तेव्हा. सुगंधाने मागे वळून पाहिले.

"रडतंस काय गो?"

"नाय. घाम."

"बरा. वड."

माणसे वाढल्यामुळे जाळे दाजींनी सांगितल्यापेक्षा लवकर आले, नऊ वाजून बत्तीस मिनिटांनी. आतली तारली वाळूवर आली तेव्हा चांदीचा ढीग हलत होता आणि टोपल्या घेऊन बायका धावल्या. तुळसा ढिगाकडे न बघता पट्ट्याकडे बघत होती. सकाळी चाळीस पावले रुंद असलेली ओली, कडक वाळू आता पंधरा पावले उरली होती. वर कोरडी, भुसभुशीत वाळू, खाली पाणी. आणि वारा फिरला होता. जमिनीवरून येणारा वारा बंद पडून समुद्रावरचा खारा वारा वायव्येकडून सुटला होता.

"आता खंय जातंस?" दाजींनी विचारले.

"खाडीकडे. गाडी थंयच आसा. थंयसून वर येतंय, मगे परत खाली."

"वर येवन गाडी फिरवक किती वेळ?"

हा प्रश्न म्हाताऱ्याने नेमका विचारला. गाडी लांब होती आणि तिची चाके थोडीच वळायची. उत्तरेच्या टोकाला पट्टा अरुंद होता. तिथे फळ्या घालून, पुढे-मागे करत गाडी फिरवायला चार माणसांना वीस मिनिटे लागायची. सकाळी तिथे फिरवायची वेळच आली नसती, कारण पहिली फेरी उत्तरेकडूनच निघाली होती आणि दक्षिणेला, खाडीच्या मुखाशी, वाळू रुंद होती. आता वीस मिनिटांत पाणी आणखी चार-पाच पावले वर आले असते.

"वीस मिनिटां," तुळसा म्हणाली.

दाजींनी पंचा सोडून पुन्हा बांधला. "होडयेइतकीच तर आसा," ते म्हणाले, आणि माशांचे वाटे घालायला बसलेल्यांतले बारा-पंधरा जण बोटाने वेचून काढले. "चला रे. म्हावरा खंय पळाचा नाय आता."

ते सगळे उत्तरेकडे चालू लागले. तुळसा आणि गुरुदास जीपने दक्षिणेला गेले. गुरुदासने तिचे हात पाहिले, आपला रुमाल फाडून दोन्ही तळहातांना गुंडाळला आणि वर हातमोजे चढवले. तो काहीतरी विचारणार होता, पण ती गाडीत बसली होती.

नऊ वाजून पन्नास. खारा वारा समोरून. इंजिन चांगले ओढत होते, पण किलोमीटरच्या मध्यावर, जिथे इतकी माणसे तासभर पाय रोवून उभी होती तिथे, वाळू खणल्यासारखी झाली होती. गाडी उडाली, पुन्हा टेकली, थोडी पाण्याकडे गेली. तिने पाय उचलला नाही.

उत्तरेच्या टोकाला दाजींची माणसे उभीच होती. तिथल्या स्वयंसेवकाने फोनवरून ऐकून सांगितले, "अठरा पूर्णांक पाच."

छत्तीसातून अठरा पूर्णांक पाच वजा केले की सतरा पूर्णांक पाच उरतात. इतक्या कमी वेळात ती कधीच गेलेली नव्हती. पण वारा आता पाठीशी येणार होता.

तिने गाडीतून उतरायला पाय काढला. दाजी म्हणाले, "बस. तू किती जड असतलंस?" आणि आरोळी देऊन पंधरा जणांनी मुशीला खालून धरली, उचलली, तीन दमांत फिरवली आणि खाली ठेवली. इंजिन चालूच होते. स्वयंसेवकाने नंतर सांगितले की याला दीड मिनिट लागले. तुळसाने काचेतून समोर पाहिले. पट्टा आता गाडीच्या दीडपट रुंद होता. काही ठिकाणी लाटेचे पातळ पाणी तो ओलांडून वर जात होते.

"जाशीत?" दाजींनी विचारले.

गाडी निघून गेली होती.

ती फेरी किनाऱ्यावरच्या कुणाला नीट दिसली नाही. डावीकडच्या चाकांनी वाळू उडत होती आणि उजवीकडच्या चाकांनी पाणी, आणि त्या दोन्हींच्या मध्ये गाडी झाकली गेली होती. पंचांच्या समोरून गेली तेव्हा त्यांची टोपी उडाली आणि त्यांनी ती उचलली नाही. पेटीत बघत राहिले. मग फोनचे हँडल फिरवले.

तुळसा किलोमीटर संपल्यावरही वेग कमी करायला उशीर करत खाडीच्या मुखापर्यंत गेली. तिथे वाळू संपते. तिने गाडी पाण्याकडे तोंड करून थांबवली, पण इंजिन बंद केले नाही. एक पाय अजून दाबलेला होता. गाडी जागच्या जागी थरथरत होती.

गुरुदास फोन टाकून चालत तिच्याजवळ आला. सत्यवान आणि त्याच्या वाडीचे लोक मागे लांब थांबले.

"सतरा पूर्णांक चार," तो म्हणाला.

ती समोर बघत होती. "परत सांगा."

"सतरा पूर्णांक चार. दोन्ही मिळून पस्तीस पूर्णांक नऊ. दोनशेच्या वर गेलंस. झाला गो."

तिने मान हलवली. हातमोजे काढायला गेली तर रुमाल तळहाताला चिकटला होता, म्हणून ते तसेच राहू दिले. पाय अजून दाबलेला. इंजिनाचा आवाज कमी होत नव्हता.

"बंद कर आता."

"थोडा रवांदे."

गुरुदास दाराला टेकून उभा राहिला. तो तेरा वर्षे तिच्या गाड्या ऐकत आला होता आणि त्याला ठाऊक होते, की हा आवाज इंजिनाचा नाही.

"आता मी काय करू?" तिने विचारले.

त्याने खाली पाहिले. एक लाट येऊन पुढच्या चाकांभोवती फिरून गेली होती आणि चाकांखालची वाळू तिच्याबरोबर निघून चालली होती.

"आधी गाडी मागे घे," तो म्हणाला. "पाणी इला."

तिने रिव्हर्स टाकला. मागची चाके जागच्या जागी फिरली, वाळू उडाली, गाडी वीतभर खाली बसली. सत्यवान आणि त्याची माणसे धावत आली, आणि पुढच्या लाटेच्या आत सगळ्यांनी मुशीला हात घातले.